मोरीतला राक्षस

यंदा धोंडा पुन्हा ज्येष्ठात आला आहे. मधले दोन पावसाळ्यात पडले, आणि पावसाळी धोंड्यात काही खरं नसतं. पुरण असतं, पण रस नसतो. ज्येष्ठातला धोंडा म्हणजे घरभर आंब्याच्या आढीचा वास, दारं लावून काढलेली दुपार, कूलरच्या वाळ्यातून येणारी ओली हवा आणि ताटात तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे. अधिक महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण समजून जेवू घालायची आपल्याकडे रीत आहे. लक्ष्मीचं मला ठाऊक नाही, पण नारायण होऊन बसणं फार अवघड काम आहे, हे मी अनुभवानं सांगतो. आपण किती पाण्यात आहोत हे ज्याचं त्याला माहीत असतं, आणि पाटावर बसल्यावर ते जरा जास्तच आठवतं.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचं गाव घाटाखाली, संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला. आम्ही घाटावरचे. माझं लहानपण साखरखेर्ड्याला गेलं आणि आता बुलढाण्यात एका शाळेत मी भूगोल शिकवतो.

"जवाईबुवा, धोंडा लागला न. कवा येता?"

"येतो मामा. सुट्याच आहेत."

"या, या. आन् एक इचाराचं होतं. वजन किती भरते तुमचं सध्या?"

धोंड्याला जावयाला कपडे करतात. मामांनी मापासाठी विचारलं असणार, असं मी धरून चाललो आणि बेधडक थोडं कमी सांगितलं. म्हणजे जे सांगितलं तेही माझंच वजन होतं, फक्त बऱ्याच वर्षांपूर्वीचं. फोनवर बोलताना मी पोटही आत ओढून घेतलं होतं, हे अर्चनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही. तिच्या माहेरची ती सवयच आहे, बघायचं आणि बोलायचं नाही. या सवयीबद्दल मला पुढं बरंच सांगायचं आहे.

त्याच आठवड्यात आमच्या जुईनं तो सिनेमा लावला. जुई आमची एकुलती मुलगी, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली आणि दिवसभर पंख्याखाली लोळणारी. "पप्पा, तुमचा सिनेमा सापडला," ती म्हणाली. आमच्या घरात 'तुमचा सिनेमा' म्हटलं की दुसरं कुठलं नाव घ्यावं लागत नाही. मी चष्मा पुसला, पाण्याचा तांब्या जवळ घेतला, परत लांब ठेवला. पडदे ओढून आम्ही तिघं भर दुपारी सिनेमा बघायला बसलो.

हिंदीत आवाज भरलेला, जुना, परदेशी सिनेमा. समुद्राच्या तळाशी लोखंडाचं एक घर बांधलेलं असतं आणि त्यात काही माणसं काम करत असतात. काय काम करतात ते सिनेमा काढणाऱ्यांनाही नक्की माहीत नसावं. त्यांच्या त्या घरात बाहेरून काहीतरी शिरतं. ते बराच वेळ दिसत नाही. नळ ठिबकतो. जमिनीतल्या जाळीतून पाणी वर येतं. मग स्वयंपाकी त्या जाळीपाशी वाकतो, का वाकतो कोण जाणे, आणि जाळीतून एक लांबलचक हात बाहेर येतो.

तो हात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चौथीत होतो. साखरखेर्ड्याला आमच्या घरी नुकताच रंगीत टीव्ही आलेला. गावातला केबलवाला दुपारी स्वतःच्या कॅसेटवरचे सिनेमे लावायचा, आणि काय लावणार हे त्याच्या लहरीवर असायचं. आई भुईमुगाच्या शेंगा फोडत ओसरीत बसली होती. बाबा शेतात. घरात मी आणि माझे दोन मोठे चुलतभाऊ. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्याकडे एक प्रकारची पांढरी शांतता असते. गुरंसुद्धा हंबरत नाहीत, फक्त पत्रे तापून मधूनच कडकड वाजतात. त्या शांततेत तो हात आला. चुलतभाऊ ओरडून उठले आणि हसत सुटले. मला ओरडताही आलं नाही. माझी बोबडी वळली ती सिनेमा अर्ध्यावर असताना लाइट गेले तरी सुटेना.

समुद्र मी तेव्हा पाहिलेला नव्हता. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, आणि जवळपासही नाही. तेव्हा एखाद्या शहाण्या मुलानं विचार केला असता की समुद्रातला राक्षस साखरखेर्ड्याला कशाला येईल, एसटीनं येईल काय? पण मी तितका शहाणा नव्हतो. जाळी आमच्याही मोरीला होती. दुसऱ्या दिवसापासून मी मोरीत अंघोळ करणं बंद केलं. अंगणात दगडावर उभा राहून, पाय दगडावरून खाली न टेकवता, मी तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायचो. आईला वाटलं, पोरगा पाणी वाचवतो आहे. ती शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमच्या पोराला पाण्याची फार किंमत." मी मान खाली घालून तिथून निघून जायचो. लाजेची माझी पहिली आठवण ही अशी आहे, कुणी बोललं म्हणून वाटलेली नव्हे, कौतुक झालं म्हणून वाटलेली.

आणि आमच्या भागात ती भीती खपूनही गेली. तिला पोसायला पाणीच कुठं होतं? होळी झाली की विहिरींचे तळ दिसायचे. तळ दिसणाऱ्या विहिरीत मी खुशाल वाकून बघायचो. पोहायला येत नाही म्हणणारी मुलं माझ्यासारखी वर्गात आणखीही होती, त्यांना पाणी मिळालं नव्हतं आणि मला नको होतं, हा फरक कुणाला कळायचं कारण नव्हतं. पुढं मी भूगोल घेतला. महासागरांची खोली मला पाठ आहे. समुद्रतळाचे डोंगर, दऱ्या, गर्ता, सगळं मी फळ्यावर निळ्या खडूनं सुरेख काढतो. पोरं म्हणतात, सरांचा हा धडा ऐकत राहावा असा असतो. फळ्यावरचं पाणी कोरडं असतं.

मग लग्न झालं आणि सासर मिळालं घाटाखालचं. तिथं विहिरी चैत्र-वैशाखातही भरलेल्या. मामांच्या मळ्यात संत्र्याची झाडं, कडेनं केळी, आणि मधोमध ती विहीर, दगडी बांधणीची, वळत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची. कपारीत पारवे. कठड्यावरून लोंबणाऱ्या बाभळीच्या फांदीला सुगरणीचे खोपे. पाणी हिरवं. त्या गावातल्या पोरांना चालायला आणि पोहायला एकदमच यायला लागत असावं. अर्चना मासोळीसारखी पोहते. तिची भावंडं, चुलतभावंडं, गल्लीतली निम्मी पोरं, सगळ्यांना मामांनीच शिकवलेलं. त्यांची पद्धत एकच. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, त्याचं तोंड पत्रा लावून झाळून टाकायचं, म्हणजे आत हवा राहते आणि पाणी शिरत नाही. तो डबा दोरानं पोराच्या पाठीवर बांधायचा, दोराचं टोक हातात धरायचं आणि पोराला पाण्यात सोडायचं. डबा बुडू देत नाही. पोर हातपाय मारतं. काही दिवसांनी डबा सोडला तरी त्याच्या लक्षात येत नाही.

त्या घरात आणखी एक रिवाज आहे. नवा जावई पहिल्या उन्हाळ्यात आला की साळे त्याला मळा दाखवायला नेतात आणि कपड्यांसकट विहिरीत ढकलून देतात. मग स्वतःही उड्या मारतात. माझ्या साडूला असंच ढकललं होतं; तो अजूनही खिशातल्या भिजलेल्या नोटांची गोष्ट रंगवून सांगतो. मला कुणी ढकललं नाही. पहिल्या उन्हाळ्यात नाही, दुसऱ्याही नाही. मी मनातून तयारीत असायचो, मळ्यात जायची वेळ आली की डोकं दुखायला लागायचं. पण कुणी हात लावला नाही. सकाळी बाकी सगळे विहिरीवर अंघोळीला जायचे आणि माझ्यासाठी घरीच न्हाणीत बादली भरून ठेवलेली असायची, टॉवेल-साबणासकट. मी त्याचा अर्थ असा लावला की, मास्तर माणूस आहे, शिकलेला आहे, म्हणून आपला जरा जास्तच मान ठेवतात. खरं सांगतो, मला त्याचा थोडा गर्वही होता. साडूपुढं मी तो एकदोनदा मिरवलाही होता.

तर मागच्या वेळी ज्येष्ठात धोंडा आला तेव्हा जुई सात वर्षांची होती. तिनं चैत्रापासूनच घर डोक्यावर घेतलं होतं, कारण यंदा आबा पोहायला शिकवणार. आबा म्हणजे तिचे आजोबा, आपले मामा. ती पलंगावर उशी पोटाखाली घेऊन हातपाय मारायची आणि "पप्पा, बघा, मी मध्यावर आले," म्हणायची. मी म्हणायचो, "विहिरीला तळ लागत नाही बेटा, पुढच्या वर्षी बघू." मग म्हणायचो, "पाणी थंड असतं, सर्दी होते." मग म्हणायचो, "अभ्यासाची पुस्तकं घेतलीस का?" माझ्याकडे कारणांचा तोटा नव्हता. सगळी कारणं बापाच्या काळजीच्या आवाजात निघायची, आणि जुई हिरमुसून उशी जागेवर ठेवायची.

धोंड्याच्या दिवशी मामांनी माझे पाय धुतले. पाटापुढं परात ठेवलेली. मामांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. ते भिंतीला हात लावत लावत खाली बसले आणि त्या जाड, चिकानं काळ्या पडलेल्या बोटांनी माझी पावलं चोळून धुऊ लागले. मी "मामा, राहू द्या," म्हणालो. "आसं कसं राहू द्याचं? तुम्ही नारायण हा आज," ते म्हणाले. वयानं बापासारखा माणूस पायाशी बसलेला आणि आपण वर ताठ. मी छताकडे बघत बसलो.

जेवणं झाली. रस इतका झाला की वाटी हातात धरवेना, तरी मामींनी वर आणखी एक वाढलीच. मामी म्हणजे सासूबाई. पुढच्या खोलीत दारं लावून घेतली, कूलर लावला. दिवाणावर मी, रसाची ती वाटी घेऊन; खाली सतरंजीवर मामा, मामी, अर्चना, जुई आणि माझा धाकटा साळा गजू. गजूच्या हातात रिमोट. तो एकेक चॅनेल पुढं ढकलत गेला आणि एका ठिकाणी थांबला. समुद्राच्या तळाशी लोखंडाचं घर. खिडकीबाहेर काळं पाणी.

मी ओळखलं. पंचवीसेक वर्षं मध्ये गेली होती तरी नळ ठिबकल्याच्या आवाजावरून ओळखलं.

उठून जावं असं वाटलं. पण पाहुणा उठला की सगळं घर उठतं. काय पायजे, काय झालं, झोपाचं हाय काय. म्हणून बसून राहिलो. पाय मात्र हळूच वर घ्यायला लागलो. मग वाटलं, हे बरं दिसत नाही, जावई दिवाणावर उकिडवा बसलाय. एक पाय खाली सोडला.

स्वयंपाकी वाकला. जाळीतून हात बाहेर आला. आणि जुई खदखदून हसली. "आबा, पाहा न, त्याच्या हाताची शिवण दिसून राह्यली! रबराचा हाय थो!" आजोळी आली की तिची भाषा दोन दिवसांत घाटाखाली उतरते. गजूही हसला. आणि नेमकं तेव्हाच माझ्या खाली सोडलेल्या पायाला काहीतरी गार, ओलं, सरपटत येऊन लागलं.

कूलरची नळी गळत होती, बस. पाणी फरशीवरून वाहत दिवाणाखाली आलं होतं. पण हे कळायच्या आधी मी ओरडलो होतो. साधंसुधं नाही, अशा आवाजात ओरडलो की बाहेर ओट्यावरचं कुत्रं भुंकत उठलं. मी दिवाणावर उभा होतो. धोंड्याचा नवाकोरा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत वर धरलेली, आणि रसाची वाटी पालथी होऊन तो पिवळा ओघळ पांढऱ्या चादरीवरून खाली सतरंजीकडे निघालेला.

कुणीही हसलं नाही. ते हसले असते तर मी वाचलो असतो. माझ्या चुलतभावांनी मला आठवडाभर चिडवलं असतं आणि विषय संपला असता. पण धोंड्याच्या महिन्यात नारायणाला कोण हसणार? गजूचे ओठ थरथरले, तेवढ्यात मामींनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो खिडकीकडे तोंड करून खोकायला लागला. मामी छातीला हात लावून म्हणाल्या, "हाव बाप्पा! माह्याबी जीव धडधडून राह्यला. कसं दाखवतात मेले!" मामांनी री ओढली, "काय काय सिनेमे काढतात मानसं. भेव नाई लागन त काय होईन? काढ बे गजू थे." अर्चना काही न बोलता उठली आणि फडकं आणून रस पुसायला लागली.

जुईनं आजीकडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मग तिनं, आत्ता क्षणापूर्वी रबराची शिवण दाखवून हसणाऱ्या माझ्या मुलीनं, आजीच्या मांडीत तोंड लपवलं आणि म्हणाली, "मले पण लय भेव लागलं."

मी दिवाणावरून उतरलो. ती दुपार कशी सरली मला आठवत नाही. कूलरचा आवाज आठवतो आणि सगळे किती जपून बोलत होते ते आठवतं, घरात कुणी आजारी असल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही मळ्यात गेलो. संत्र्याच्या झाडांत अजून गारवा होता, सातपुड्याची रांग निळीसर, उन्हानं पुसायच्या आधीची. मामांनी डबा आणला होता. अर्चनाच्याच वेळचा, पोचे पडलेला; पण तोंडाचा पत्रा नव्यानं झाळून घेतलेला, दोर नवा. "ह्या डब्यानं तुह्या मायले शिकोलं," मामा जुईला सांगत होते, "आता माह्याच्यानं पाण्यात उतरनं होत नाई. तू शेवटची." ते पायऱ्या उतरून पाण्याशी बसले. गजू पाण्यात. जुईच्या पाठीवर डबा बांधून झाला. मी वर, विहिरीपासून लांब, बोरीच्या झाडापाशी उभा होतो. तिथून पाणी दिसत नाही, फक्त आवाज वर येतात.

"चाल, माय," मामांचा आवाज.

मग जुईचा, अगदी स्पष्ट, वरपर्यंत पोचेल असा मोठा: "मले नाई जायचं आबा. मले भेव लागते. थो राक्षस असन तिथं."

मला आधी हायसं वाटलं. जीव भांड्यात पडला, अगदी मोठ्यानं आवाज होईल असा पडला. चला, सुटलो, आता यंदा विषय नको. मामा म्हणत होते, "बरं माय. नको जाऊ. सोडू दोर?" आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही पोरगी घाबरलेली नाही. चैत्रापासून उशीवर पोहणारी पोरगी ती. रबर ओळखणारी. ती काल शिकली होती. घरातली मोठी माणसं माझ्यासाठी जे करतात तेच तिनं केलं होतं, माझी भीती उचलून स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि ती मला ऐकू यावी म्हणून मोठ्यानं ओरडून सांगितली होती. सात वर्षांचं लेकरू आपल्या बापाची अब्रू राखत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी बोरीपासून निघालो. विहिरीच्या काठापर्यंत कसा आलो ते विचारू नका, आलो. खाली हिरवं पाणी होतं, त्यात गजूचं डोकं, पायरीवर मामा, आणि पाठीवर डबा बांधलेली माझी मुलगी वर बघत होती.

"मामा," मी म्हणालो, "ती घाबरत नाही. मी घाबरतो."

आवाज विहिरीत जास्तच घुमला. पारवे उडाले. मामांनी दोराची गाठ सोडायला घेतलेला हात थांबवला.

"मले मालूम हाय, जवाईबुवा," ते म्हणाले. "पयल्या खेपीले मळ्यात आले होते तुम्ही. सारे इहिरीत वाकून पाहून राह्यले होते आन् तुम्ही त्या बोरीले धरून उभे. तवाच समजलं मले. म्हून पोट्ट्याइले सांगतलं, याइले हात नाई लावाचा."

म्हणजे तो मान नव्हता. न्हाणीतली बादली, टॉवेल, साबण. साळ्यांचं माझ्याशी अदबीनं वागणं. मी ज्याला भूगोलाच्या मास्तराचा दरारा समजत होतो ते सगळं. इतकी वर्षं अख्खं घर माझ्या भीतीच्या कडेकडेनं चालत होतं, झोपलेल्याला जाग येऊ नये तसं, आणि मी समजत होतो की मी ती लपवली आहे. पकडलं जाण्याची लाज थोडा वेळ टिकते. पण आपल्याला कुणीतरी झाकत आलंय, रोज, न बोलता, न कंटाळता, हे कळतं तेव्हा जी लाज वाटते ती अजून माझ्या अंगात आहे. त्या दिवशी घरी जाताना मी अर्चनाला विचारलं, "तू मला कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही मला कधी सांगितलंत का?"

पण तिथं काठावर मी नुसता उभा होतो. जुई खालून म्हणाली, "पप्पा, तुम्ही बोरीपाशी जाऊन उभे राहा. माझं झालं की मी हाक मारते." तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. एखाद्या समजूतदार बाईनं घरातल्या माणसाची सोय लावावी तशी ती माझी सोय लावत होती.

मी गेलो नाही. शूर झालो म्हणून नव्हे. पाय उचलत नव्हते. वरच्या पायरीवर बसलो, दगडाला दोन्ही हातांनी धरून. मामांनी दोर सैल सोडला. जुई पाण्यात गेली, डोकं खाली गेलं, पाणी तिच्यावरून मिटलं, डबा एका अंगाला कलंडला. तेवढ्यात मला तो लांब हात दिसला, जाळी दिसली, आमची मोरी दिसली, सगळं दिसलं. मग डबा उसळून सरळ झाला आणि त्याखालून तिचं डोकं बाहेर आलं. नाकातोंडात पाणी, केस डोळ्यांवर. ते केस तिनं बाजूला केले आणि आबांकडे बघितलं नाही, गजूकडे नाही. वर, माझ्याकडे बघितलं. मी घाबरलो की काय, ते बघितलं.

त्या उन्हाळ्याचं मला बाकी काही इतकं लख्ख आठवत नाही. लोक म्हणतात, मुलं मोठी कधी झाली कळलंच नाही. मला कळलं. मी बघत होतो.

परवाच्या दुपारी आम्ही तो सिनेमा पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. पहिल्या वेळी लाइट गेले होते, दुसऱ्या वेळी काय झालं ते सांगितलंच. त्यामुळे शेवट मला माहीतच नव्हता. शेवटी तो राक्षस अख्खा दिसतो. चार माणसांनी आत शिरून चालवावं असं रबराचं धूड, डोळे काचेच्या गोट्यांचे, तेही वेगवेगळ्या दिशांना बघणारे. एक माणूस लोखंडी दांडा मारतो आणि ते मरतं. एका दांड्यात. उरलेली माणसं वर येतात, ऊन पडलेलं असतं, संपलं. माझं अर्धं आयुष्य ज्याला भिऊन गेलं ते हे? याच्यासाठी मी दगडावर उभा राहून अंघोळी केल्या, पोरीला सर्दीची भीती घातली? निदान राक्षस तरी जरा बरा असायला हवा होता.

"हसू का आता?" जुईनं विचारलं. आम्ही तिघंही हसलो. माझ्या हसण्याला थोडा उशीर झाला.

मग ती सहज म्हणाली, "आबांनी तुम्हाला वजन विचारलं ना? किती सांगितलंत?"

मी आकडा सांगितला. अर्चना स्वयंपाकघरातून डोकावली आणि पुन्हा आत गेली.

"पप्पा!"

"अगं, कपड्यांच्या मापाला एवढं काय बारीक…"

"कपड्यांना वजन कशाला लागतं?" ती उठून बसली. "डब्यासाठी विचारलंय त्यांनी. ते तुमच्यासाठी डबा झाळून घेणार आहेत. दिवाळीत त्यांनी मला विचारलं, बाप तुहा यीन का पाण्यात? मी म्हटलं, विचारून कशाला बघता, बनवून ठेवा. त्यांना आता पायऱ्या उतरता येत नाहीत, ते वर बसून दोर धरतील. खाली पाण्यात मी असते."

चाळिशी ओलांडलेला माणूस, पाठीला तेलाचा डबा बांधून विहिरीच्या पायऱ्या उतरतोय, वर साडू उभा आहे, गजू आहे, गल्लीतली सगळी पोरं कठड्यावर रांगेनं बसली आहेत. तरीही नाही म्हणवेना. सात वर्षांची असताना जिनं मला बोरीपाशी उभं राहायची मुभा दिली होती, तीच आता पाण्यात उतरून हात पुढं करणार होती. तिला दुसऱ्यांदा माझी अब्रू राखायला लावणं मला शक्य नव्हतं.

"कमी वजन सांगून बसलात," जुई म्हणाली, "डबा लहान झाला तर? करा फोन. खरं सांगा."

मी फोन लावला. पलीकडे कूलरची तीच घरघर ऐकू येत होती.

"मामा, ते वजनाचं… मी परवा जरा कमी सांगितलं होतं."

"मले मालूम हाय," मामा म्हणाले. "म्या दोन डबे झाळाले टाकले."